खोल अंग, उथळ अंग

"आता पुन्य बी पायपातनं याया लागलं म्हना की," सखूमावशी कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात बोलली आणि पदराने मान पुसली. शेजारी उभ्या असलेल्या गणपतने, कंपनीच्या व्हॉल्व्हवाल्याने, हसू ओठांतच ठेवले. पुढच्या बायकांपर्यंत ते बोलणे पोचले नाही. मी सगळ्यांच्या मागे, बाभळीच्या विरळ सावलीत होते, म्हणून मला ऐकू आले.

अक्षय तृतीयेची सकाळ होती. कंपनीच्या कॉलनीतल्या बायका तळ्याकाठी जमल्या होत्या. चाकणच्या बाजारातून आणलेले नवे माठ ओळीने मांडले होते, त्यांत वाळा घातला होता, आणि कोऱ्या मातीचा नि वाळ्याचा मिळून एक गार वास येत होता. एका पातेल्यात आंब्याची डाळ, दुसऱ्यात पन्हे, दोन्हींवर ओली फडकी. या दिवशी पूर्वजांच्या नावाने पाण्याचा भरलेला कुंभ दान देतात. कुणी ब्राह्मणाला देते, कुणी वाटसरूला. यंदा महिला मंडळाच्या साठेवहिनींच्या मनात आले की पाखरांना का देऊ नये? वैशाखात तळे आटते, पाखरे तडफडतात. त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला, आणि पवनेचे पाणी कंपनीत आणणारा मोठा पाइप आज तळ्यात सोडायचे ठरले. संध्याकाळच्या हळदीकुंकवापर्यंत तळे काठोकाठ व्हायला हवे होते.

विचार चांगला होता. हे मी उपरोधाने लिहीत नाही.

पूर्वी आम्ही याच कॉलनीत राहत होतो. अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, कंपनीच्या पाण्याची देखरेख होती. ते निवृत्त झाले आणि आम्ही पुण्याला गेलो. अण्णांनी जपलेले तळे, तेव्हा त्यांच्या घरचे कुणीतरी हवेच, असा साठेवहिनींचा निरोप आला होता. अण्णांचे गुडघे आता आगगाडीच्या पायऱ्यांना तयार नसतात. म्हणून आई आली, आणि आईच्या सोबतीला मी.

काठावर आले आणि पहिल्यांदा दिसले ते हे, की तळे एक झाले आहे.

ते दोन असायचे. मधून एक बुटका मातीचा बांध जायचा, म्हातारी गाय बसावी तसा, पाठीवर गवत घेऊन. आता तो मधोमध कापला होता. बैलगाडी जाईल एवढी वाट पडली होती. का कापला, ते मी विचारले नाही. एका बाईंनी आपण होऊन सांगितले की आता कसे सरोवरासारखे मोकळे दिसते.

बांधाच्या पलीकडे, उथळ अंगाला, चिखलाच्या उंचवट्यांवर शेकाटे होते. काळे पंख, पांढरे पोट, आणि त्यांचे स्वतःचे वाटू नयेत इतके लांब गुलाबी पाय. कशी शिस्तीत उभी आहेत बघा, असे कुणीतरी कौतुकाने म्हटले. सगळी उभी नव्हती. काही बसली होती. शेकाट्या अंड्यांवर बसतो तेव्हा पाय मागे दुमडून घेतो आणि मान ताठ ठेवतो. लांबून तो चिखलात उभा असल्यासारखाच दिसतो.

पाइपाचे तोंड अलीकडे, खोल अंगाला होते. पूर्वी त्याचे पाणी बांधाशी थांबायचे. आज ते कापातून पलीकडे जाणार होते, त्या अंड्यांवरून. तिथे जमलेल्यांत हे बहुधा मला एकटीलाच दिसत होते, आणि चार माणसांत तोंड न उघडणारी मुलगी अशीच माझी ख्याती आहे.

हे तळे कुणी तळे म्हणून खोदलेले नव्हते. वीटभट्टीवाल्यांनी माती नेली, खड्डे मागे ठेवले, भट्टी पुढे सरकली. खड्ड्यांत पावसाचे पाणी साचले, मग कंपनी आली आणि तिच्या पाइपाचे जादा पाणी इथे पडू लागले. पाण्याबरोबर लव्हाळा आला, लव्हाळ्यात पाखरे आली. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा काठावर अजून भाजलेल्या विटांचा लाल चुरा होता. अनवाणी चालले की तळवे कुंकवात बुडवल्यासारखे व्हायचे. पाय धुतल्याशिवाय आई घरात घेत नसे.

मला पुण्याला मिशनच्या शाळेत, वसतिगृहात ठेवले होते. आमच्या शाळेला नाताळची सुटी मोठी, दिवाळीची लहान आणि गणपतीची अजिबात नसे. त्यामुळे हे तळे मला दोनच ऋतूंत माहीत आहे, थंडीत आणि उन्हाळ्यात. भर पावसात बांध पाण्याखाली जातो आणि त्यावर बेडकांची सभा भरते, हे ऐकीव. भाद्रपदात चतुर इतके येतात की लव्हाळ्याच्या प्रत्येक पात्यावर एक असतो, हेही ऐकीव. मी ते इतक्यांदा ऐकले आहे की मला ते पाहिल्यासारखे आठवते.

नाताळात मात्र मी स्वतः असे. पहाटे तळ्यावर धुके आणि भट्टीचा धूर एकमेकांत मिसळलेले असत, कुठला कुठे संपतो ते कळत नसे. त्यातून थापट्या बदकांचा आवाज यायचा, चिखल चाळून काढल्याचा, एकसारखा, जेवणात रमलेल्या माणसांसारखा. चक्रवाक जोडीने यायचे आणि जोडीनेच बसायचे. मग कंपनीचा भोंगा व्हायचा. पहिल्या वर्षी भोंग्याबरोबर सगळे तळे उडाले होते. पुढच्या थंडीत निम्मे उडाले. त्यानंतर भोंगा झाला तरी एखादे बदक मान वर करी, इतकेच. अण्णा म्हणत, यांनाही आता शिफ्ट कळायला लागली.

अण्णा तळ्यावर सकाळी जात, चहाच्या आधी. मी मागून जाई. आम्ही फारसे बोलत नसू. त्यांच्या हातात काठी असे, पण ती टेकायला नव्हे. ती ते चिखलात खुपसून बाहेर काढत आणि तिच्यावरची ओल बघत, जसा एखादा वैद्य जीभ बघतो. त्या चिखलाला एक वास होता, थोडा लोखंडाचा, थोडा शिळ्या ताकाचा. पुढे वसतिगृहात एकदा पिण्याच्या पाण्याची टाकी धुवायला काढली तेव्हा तोच वास आला, आणि मी रांग सोडून तिथे उभी राहिले. सिस्टरने काय झाले विचारले. मी काही नाही म्हटले.

तळ्याचा दुसरा मालक म्हणजे सखूमावशी. ती शेजारच्या तळवडे गावची. तिच्या म्हशी तळ्यात डुंबायच्या, आणि चटयांसाठी ती लव्हाळा कापून न्यायची. अण्णांचे आणि तिचे पाण्यावरून कायम काहीतरी चाललेले असे. थंडीत अण्णा उथळ अंगाचे पाणी उतरवत. बांधात एक मोरी होती, तिला गोणपाट गुंडाळलेला लाकडी डाट होता. तो काढला की पलीकडचे पाणी सावकाश खोल अंगात यायचे, आणि मागे राहिलेल्या ओल्या चिखलावर लहान लहान तुतवार धावत सुटायचे, शेपट्या हलवत, काहीतरी हरवल्यासारखे. त्यांना चिखल हवा. बदकांना पाणी हवे. बगळ्यांना उतरते पाणी हवे, कारण त्यात मासे अडकतात. सखूमावशीला म्हशीची पाठ बुडेल एवढे तरी पाणी हवे.

"अन्ना, पाखरांची एवडी काळजी करता," ती एकदा बांधावर बसून म्हणाली, "तर माज्या म्हशीस्नी बी पाखरंच समजा की. काळी हायेत, एवडंच."

अण्णा म्हणाले, "उडून दाखवू दे एकीला, मग समजतो."

यावर ती इतकी हसली की म्हशींनीही वळून पाहिले. पण खोल अंगाचे पाणी त्यानंतर अण्णांनी म्हशीच्या पाठीखाली कधी उतरू दिले नाही. त्या सोयीने टिबुकल्यांचेही भागले.

टिबुकली हा मुठीएवढा पाणपक्षी. बुडी मारली की गेली. जिथे बघत राहावे तिथून कधीच वर येत नाही. उन्हाळ्यात खोल अंगातून तिचे खिदळणे यायचे, वर्गात कुणीतरी हसू दाबता दाबता फुटावे तसे. ती लव्हाळ्याला अडकवून शेवाळाचे तरते घरटे बांधते. उठून जाताना अंड्यांवर ओले शेवाळ ओढून घेते. अंडी पांढरी घातलेली असतात, ती रोजच्या पांघरुणाने चहाच्या रंगाची होतात. पाणी चढले तर तिचे घरटे बरोबर चढते. पाणी उतरले तर ते चिखलाला टेकते, आणि मग तिथे कुत्रीही चालत येतात, कोल्हीही.

शेकाट्याचे नेमके उलटे. त्याचे घरटे जमिनीवर. पाणी उतरले तर त्याला चालते. पाणी हळू चढले तरीही तो खडे, काड्या आणून घरटे उंच करत नेतो. पण पाइपाचे पाणी हळू चढत नाही.

हे आम्हाला आधी कुठे माहीत होते? बांध नव्हता तेव्हाची गोष्ट. तळे आटत आले होते, टिबुकलीचे घरटे एका अंगाला कलंडले होते, आणि अक्षय तृतीया होती. अण्णांनीही तेव्हा तेच केले, जे आज साठेवहिनींना सुचले. आमच्या भागात वैशाखात पाणी द्यावे की नाही याचा कुणी विचार करत नाही. पाणी द्यायचेच असते. आईने माठाला हळदकुंकू लावले, अण्णांनी व्हॉल्व्हचे चाक फिरवले, सगळ्यांनी हात जोडले. पाणी गढूळ, फेसाळ, पाइपातली गंजाची चव घेऊन धावले. मला आठवते, टिबुकलीचे घरटे थरथरत सरळ झाले आणि आम्हाला फार बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळे भरून निवांत होते. वरती शेकाटे फिरत होते, किप्, किप्, किप्, न थांबता. ते कुठेच बसेनात. ज्या उंचवट्यांवर बसायचे ते उंचवटेच नव्हते. काठाशी, विटांच्या चुऱ्यात, एक अंडे लागले होते. मातकट, त्यावर काळे ठिपके, जणू कुणी पेन झटकले होते. अण्णांनी ते उचलले, थोडा वेळ तळहातावर ठेवले, आणि परत जिथे होते तिथेच ठेवले. दुपारी जेवायला बसल्यावरही तो आवाज खिडकीतून येत होता. आईने खिडकी लावली. अण्णांनी उठून ती उघडली.

पुढच्या सुटीत मी आले तेव्हा मधोमध बांध होता. तो कसा झाला, कुणी माती वाहिली, मला माहीत नाही. तळ्याला खोल अंग आणि उथळ अंग अशी दोन नावे मात्र तेव्हा मिळाली, आणि घरातही ती वापरली जाऊ लागली. आई म्हणायची, ही आपली उथळ अंगाची आहे, जरा पाणी चढलं की घाबरते. ते माझ्याविषयी असे.

त्यानंतर दर अक्षय तृतीयेला अण्णा पाइप सोडत, पण फक्त खोल अंगात. उथळ अंगाला ते तांब्याभर पाणी घालत. तेही चिखलाच्या कडेशी वाकून, हळूच, तुळशीला घालावे तसे. सखूमावशी ते बघून म्हणाली होती की अन्ना, ह्ये काय सवतीचं दान केलंत? अण्णा म्हणाले, त्यांना न देणे हेच त्यांचे दान. मग जरा थांबून, कुणी ऐकत नाही असे समजून, म्हणाले की हे देवाला कळले म्हणजे झाले. मी ऐकत होते. मी नेहमीच ऐकत असते.

बोलण्याचे मात्र माझे असे होते. कॉलनीतल्या मुली भराभर बोलायच्या. मी मनात वाक्य तयार करायची, आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग क्रियापद नीट आहे ना ते बघायची, आणि मान वर करावी तर बोलणे दोन विषय पुढे गेलेले. मी ते वाक्य परत ठेवून देई. अशी माझ्याकडे पुष्कळ वाक्ये साठली आहेत, घडीही न मोडलेली. त्याचे मला विशेष दुःख नाही. न बोलणाऱ्या माणसाला पाखरे लवकर विसरतात आणि जवळ येऊ देतात. एका उन्हाळ्यात मी बांधावर इतका वेळ बसले की शेकाट्याची मादी उठली, डबक्यात जाऊन पोट भिजवून आली आणि त्या ओल्या पिसांनी पुन्हा अंड्यांवर बसली. तापलेली अंडी निवावीत म्हणून. तिला लागणारे सगळे पाणी तिने पोटावरून आणले.

आता ते उन्हाळे नाहीत. वसतिगृह संपले, वसतिगृहाच्या सुट्या संपल्या. भट्टीचा लाल चुरा आता सिमेंटच्या पायवाटेखाली आहे. बाभळी पुष्कळ होत्या, एक उरली आहे, आणि तिच्याखाली मी उभी होते.

खोल अंगाकडे पाहिले तर तिथेही काही बरे नव्हते. कापातून पाणी दोन्हीकडे पसरले होते आणि दोन्हीकडे पुरेसे नव्हते. लव्हाळ्याच्या कडेला टिबुकलीचे घरटे एका बाजूने चिखलाला टेकलेच होते. चिखलात कुत्र्याच्या पावलांची रांग घरट्यापासून थोड्या अंतरावर येऊन परत वळली होती. उद्या ती परत वळणार नव्हती. पाणी सोडले तर ते पलीकडचे बुडणार, न सोडले तर हे अलीकडचे जाणार. आणि आईशी बोलावे तर ती पुढे, पाटावर, कुणाच्या तरी मुलीचे लग्न कुठे जमले ते ऐकत होती.

साठेवहिनींनी पाइपाच्या तोंडाला कुंकवाची बोटे ओढली, फूल वाहिले. त्या मनापासून करत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. कुंभ उचलून त्यांनी पूर्वजांची नावे घेतली, मग त्यांच्या जोडीला पाखरांचेही घेतले, आणि सगळ्या बायका हसल्या. गणपतने चाकावरची धूळ फडक्याने पुसली. तेवढ्यात वहिनी मागे वळल्या.

"अण्णांची लेक कुठंय? पहिलं चाक तिनं फिरवायचं. ये गं, लाजतेस काय अशी."

बायका बाजूला झाल्या. वाट झाली. ती वाट सरळ माझ्यापर्यंत येत होती.

"जा की पोरी," सखूमावशी मागून म्हणाली. "म्हशी ताटकळल्यात माज्या."

मी गेले. सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन चालणे हे मला उन्हात चालण्यासारखेच वाटते, कुठे भाजते ते सांगता येत नाही. चाक तापले होते. गणपतने त्यावर ओले गोणपाट टाकले आणि मला हात कुठे धरायचा ते दाखवले. मी हात ठेवला. गोणपाटातून वाफेसारखी उष्णता वर आली.

माझ्या मनात वाक्य जुळायला लागले होते, नेहमीच्याच क्रमाने, आधी इंग्रजीत. ते फार सभ्य होते. त्यात क्षमा मागितलेली होती, साठेवहिनींच्या कल्पनेची स्तुती होती, आणि मुद्दा शेवटी होता. पलीकडे एक शेकाट्या उठला, लांब पाय उचलत कापाशी आला, थोडक्या पाण्यात बसल्यासारखे करून पोट भिजवले, आणि परत निघाला. तो घरट्यावर जाऊन बसेपर्यंत मी थांबले. माझे वाक्य तोवर कुठेतरी गळून गेले.

"वहिनी," मी म्हणाले, "त्या चिखलात अंडी आहेत."

आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला. आईने मान वळवली. लग्नाची गोष्ट थांबली. साठेवहिनींनी कपाळावर आडवा हात धरला आणि पलीकडे बराच वेळ पाहिले. त्यांना ते दिसले, कारण त्यांचा हात हळूहळू खाली आला.

"अगं, पण पूजा झाली," त्या म्हणाल्या, रागाने नाही, एखाद्या लहान मुलीला विचारावे तशा. "दान दिलेलं मागं कसं घ्यायचं? आणि पाणी नाही सोडलं तर ही इकडची पाखरं? वेळ टळली तर पाप कुणाला?"

गणपत माझ्याकडे आणि वहिनींकडे आळीपाळीने बघत होता. मी चाकावरचा हात काढला.

"आजचा तर अख्खा दिवस मुहूर्त असतो, वहिनी. आधी बांधाचा काप बुजवू या, मग पाणी सोडू. गणपतभाऊ, घमेली आणा."